स्तंभाला पट्टी लावली तेव्हा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात अर्थविषयक पानावर एका उद्योगाच्या वार्षिक विक्रीचा आलेख होता. दोन निळे स्तंभ, एक गेल्या वर्षाचा, एक यंदाचा. यंदाचा स्तंभ एवढा उंच की धंदा तिप्पट झाला असं कुणालाही वाटावं. मथळ्यात ‘गरुडझेप’ होती. स्तंभांच्या डोक्यावर बारीक टायपात आकडे होते, ४१२ आणि ४३६. मी ते दोनदा वाचले, मग कंपासपेटीतली पट्टी काढून स्तंभांना लावली. पहिला १८ मिलिमीटर भरला, दुसरा ५४. विक्री वाढली सहा टक्क्यांहूनही कमी आणि कागदावरचा स्तंभ झाला तिप्पट.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. १८ ला ५४ म्हणजेच १२ ला ३६. आलेख काढणाऱ्याने उभा अक्ष ४०० पासून सुरू केला होता आणि ४०० च्या खालचा सगळा स्तंभ गाळून टाकला होता. गाळला हे सांगणारी खूण कुठेच नव्हती, अक्षावर आकडेही नव्हते. छापलेला प्रत्येक आकडा खरा, आणि तरी चित्र खोटं. आपल्याकडे हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मोठ्या आकड्यांमधला फरक लहान असला की संगणकावरचे प्रोग्राम पुष्कळदा स्वतःहूनच शून्य सोडून देतात. काढणाऱ्याने ते पाहून दुरुस्त करायचं असतं, ते राहून गेलं.

त्याच संध्याकाळी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तेच पान घडी घालून घेऊन आले. निवृत्तीच्या रकमेतला काही भाग त्या उद्योगाच्या शेअरमध्ये घालावा का, असं विचारत होते. त्यांना आकडे कळत नाहीत असं मुळीच नाही. बँकेचं पासबुक ते ओळ न ओळ तपासतात, व्याजात थोडी तफावत आली तरी जाऊन विचारतात. पण आलेखाकडे त्यांनी चित्र म्हणून पाहिलं होतं. चित्र कुणी तपासत नाही, ते एका नजरेत मनात उतरतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझी ३१ वर्षं एका कारखान्याच्या हिशेब विभागात गेली. त्यातली निम्मी वर्षं आमच्याकडे संगणक नव्हता. दर महिन्याच्या बैठकीसाठी विक्री, तयार मालाचा साठा, येणं आणि देणं असे चार आलेख मी हाताने काढायचे. टोकदार पेन्सिलीने ठिपका, ठिपक्याभोवती लहानसा गोल, मग शाईने रेषा, आणि उजव्या कोपऱ्यात प्रमाण: एक सेंटिमीटर बरोबर इतके. हे प्रमाण लिहिल्याशिवाय आमचे त्या वेळचे मुख्य हिशेबनीस कागद हातातही घेत नसत. त्यांचं म्हणणं असं, की प्रमाण न लिहिलेला आलेख म्हणजे दगड न ठेवता केलेलं वजन. अक्ष मधूनच सुरू करायचा असेल तर त्याच्या बुडाशी नागमोडी खूण करायची, हेही त्यांनीच शिकवलं. शाळेतही ते शिकवलेलं असतं, फक्त परीक्षा संपली की आपण विसरतो.

शून्यापासून सुरू न करणं हा प्रत्येक आलेखात दोष नसतो. स्तंभ आपण लांबीने वाचतो, म्हणून त्याचं बूड कापलं की अर्थच बदलतो. रेषेत आपण चढ-उतार वाचतो. तापाच्या तक्त्यावर शून्य अंशापासून सुरुवात केली तर ३७ वरून ३९ वर गेलेला ताप दिसणारच नाही, आणि त्या दोन अंशांवरच तर औषध ठरायचं असतं. शेअरच्या भावाची रेषा, चलनाच्या दराची रेषा मधून सुरू झाली तर चालेल, पण कुठून सुरू झाली ते लिहिलेलं हवं.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती सांगायला आजही जड जातं. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती. एका वर्षी वरून सूचना आली की विक्रीचा आलेख महिनावार न काढता चढत्या बेरजेचा काढावा, ज्याला ऑफिसात आम्ही ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणायचो. पहिल्या महिन्याची विक्री, मग पहिल्या दोन महिन्यांची मिळून, मग तिन्हींची. वर्षाच्या उद्दिष्टाजवळ किती आलो ते पाहायला हा आलेख उपयोगी असतो, तेव्हा सूचनेत काही गैर नव्हतं. पण महिनावार आलेख मी बंद केला. दोन्ही काढायला वेळ पुरत नाही, असं कारण मी स्वतःला दिलं.

त्या वर्षीच्या विक्रीचे आकडे मला अजून पाठ आहेत, आमच्या नेहमीच्या एककात: ६०, ६२, ६१, ५८, ५०, ४४, ३७, ३१. नुसते वाचले तरी पोटात खड्डा पडतो. पण माझ्या कागदावर होतं ६०, १२२, १८३, २४१, २९१, ३३५, ३७२, ४०३. रेषा दर महिन्याला वर जात होती. जाणारच, कारण विक्री शून्यावर आली तरी चढती बेरीज खाली येऊ शकत नाही. बैठकीत तो कागद भिंतीवर लावला जायचा. सगळे रेषेच्या टोकाकडे पाहायचे, टोक वर आहे म्हणून पुढच्या विषयाकडे वळायचे आणि कच्च्या मालाची मागणी मागच्याच वर्षीसारखी जायची.

आठव्या महिन्याचा ठिपका मांडताना माझी पट्टी सहज पहिल्या तीन ठिपक्यांवर पडली. ते तिन्ही जवळजवळ एका रेषेत होते. पट्टी तशीच पुढे धरली तर तिची कड आठव्या महिन्याला ४८८ वर जात होती आणि माझा ठिपका ४०३ वर होता. चौथ्या महिन्यापासून एकेक ठिपका पट्टीपासून थोडा थोडा खाली सुटत गेलेला, दर वेळी आधीपेक्षा जास्त. चार महिने तो वाक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो पाहिला नव्हता, कारण मीही टोकाकडेच पाहत होते. मी उठून गोदामात गेले. तयार माल दाराशी आला होता. आत ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात हंगामी कामगारांची एक पाळी बंद झाली. तो निर्णय माझ्या आलेखामुळे झाला नाही, मागणीच घटली होती. पण ते पाचव्या महिन्यात कळलं असतं तर उत्पादन हळूहळू कमी करता आलं असतं आणि त्या माणसांना दुसरीकडे काम बघायला अवधी मिळाला असता. तेव्हापासून चढत्या बेरजेचा आलेख कुठेही दिसला की मी चढ कुठे मंदावतोय ते आधी पाहते. ‘आजवर इतके ग्राहक जोडले’, ‘आजवर इतकी खाती उघडली’ असे आलेख जाहिरातींत सर्रास असतात. त्यांतली रेषा खाली यायचा प्रश्नच नसतो. आजवर किती, यापेक्षा गेल्या महिन्यात किती, हे विचारायला हवं.

दुसरी एक गोष्ट मला याच कामात उमगली, आणि ती जाणकारांच्याही नजरेतून सुटते असं मी पाहिलं आहे. उत्पन्नाची एक रेषा आणि खर्चाची दुसरी, अशा दोन रेषा एकाच आलेखात असल्या की नफा म्हणजे त्यांच्यामधलं अंतर. दोन्ही रेषा सपाट असतील तर ते अंतर डोळ्याला बरोबर कळतं. दोन्ही उभ्या चढू लागल्या की डोळा फसतो. तो एका रेषेपासून दुसरीपर्यंतचं सगळ्यात जवळचं अंतर मोजतो, म्हणजे तिरकं. आणि नफा असतो उभ्या अंतरात. त्यामुळे तेजीच्या दिवसांत नफा वाढत असतानाही रेषा एकमेकींना खेटल्यासारख्या दिसतात. यावर उपाय सोपा आहे. भिंत सरळ आहे का हे पाहताना गवंडी नजरेवर भरवसा ठेवत नाही, ओळंबा सोडतो. मी कागदाची एक अरुंद पट्टी उभी धरून दर महिन्यावर सरकवायचे आणि तिच्यावर दोन्ही रेषांच्या खुणा करायचे. पाच मिनिटांचं काम. पण पाहायला बसलेल्या सगळ्यांना तेवढाही त्रास का द्यावा? नफ्याची स्वतंत्र रेषाच खाली काढली की झालं, आणि मी पुढे तसंच करत आले.

ही फसगत आलेखांच्या जन्मापासूनची आहे. व्यापाराचे आकडे काळाच्या अक्षावर रेषांनी मांडण्याची रीत विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली रुजवली. वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉट यांच्याकडे तो पूर्वी आराखडे काढायच्या कामाला होता. त्या साली छापलेल्या त्याच्या आलेखसंग्रहात ४४ आलेख होते आणि त्यांतला स्तंभांचा एकच, तोही अशासाठी की स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाती होते. बाकीच्यांपैकी बहुतेकांत आयातीची एक रेषा, निर्यातीची एक, आणि मधल्या जागेत व्यापारातली तूट किंवा वाढावा. जवळपास दोनशे वर्षांनी, १९८४ मध्ये, क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्याचा ईस्ट इंडीजशी (म्हणजे भारत आणि पूर्वेकडच्या देशांशी) चालणाऱ्या व्यापाराचा आलेख घेऊन त्यातलं उभं अंतर वेगळं मांडून दाखवलं. १७६० नंतर लगेचच्या काळात त्या अंतराला चांगला ठळक उंचवटा होता. मूळ आलेखात तो दिसतच नाही, कारण तिथे दोन्ही रेषा जोरात चढतात. एवढ्या कसबी माणसाच्या हातच्या कागदावर हे होतं, तर आपण घाईत छापलेल्या आलेखाचं काय सांगावं. याच दोघांनी प्रयोग करून हेही दाखवलं की एकाच मापपट्टीवर ठिपका किंवा टोक कुठे आहे हे माणूस सर्वांत अचूक ओळखतो, कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना जास्त चुकतो. तरी आपल्या पानावर वृत्तालेख वारंवार येतात, आणि तेही जाड, तिरपे केलेले, ज्यात पुढची फोड उगाचच मोठी दिसते. ते कृपया बंद करा. इतकंच म्हणते.

महागाईच्या आलेखाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याने घरोघरी वाद होतात. दर ८ टक्क्यांवरून ६ वर आणि ६ वरून ४ वर आला की रेषा खाली येते आणि ‘महागाई उतरली’ असं लिहिलं जातं. वाचणारा म्हणतो, मग वस्तू स्वस्त का झाल्या नाहीत? वृत्तपत्र खोटं सांगतंय किंवा दुकानदार लुबाडतोय, असा त्याचा समज होतो. दोन्ही खरं नसतं. आधीची किंमत १०० धरली तर पहिल्या वर्षी ती १०८ झाली, दुसऱ्या वर्षी साधारण ११४.५ आणि तिसऱ्या वर्षी ११९ च्या थोडी वर. दराची रेषा उतरत होती तेव्हा किमतीची रेषा चढतच होती, फक्त सावकाश. गाडीचा वेग कमी झाला म्हणून गाडी मागे जात नाही. दराच्या आलेखाखाली किमतीच्या पातळीचा लहानसा आलेख दिला तर हा घोळ तिथल्या तिथे मिटेल. तसंच, महागाईचा किंवा व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ५ वर गेला तर ती एका टक्क्याची वाढ नसते. ती एका टक्केबिंदूची वाढ असते, आणि मुळातल्या ४ च्या मानाने पाहिलं तर २५ टक्के. कर्जदाराला या दोन वाक्यांमधला फरक हप्त्यात भरावा लागतो.

शेअर बाजाराच्या बातमीतही हाच गोंधळ असतो. ‘इतिहासातली सर्वांत मोठी घसरण’ असा मथळा अंशांवर दिला जातो. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक १९ ऑक्टोबर १९८७ ला ५०८ अंशांनी पडला आणि ५ फेब्रुवारी २०१८ ला १,१७५ अंशांनी. अंश पाहिले तर दुसरी घसरण दुपटीहून मोठी. पण पहिल्या दिवशी बाजाराची २२.६ टक्के किंमत गेली होती, दुसऱ्या दिवशी ४.६ टक्के. निर्देशांक मधल्या काळात इतका वर गेला होता की मोठा आकडाही लहान घाव होता. अनेक दशकांचा आलेख साध्या प्रमाणावर काढला की असंच होतं, जुनी मोठी पडझड तळाशी सपाट होऊन जाते. अशा वेळी उभा अक्ष गुणोत्तराच्या प्रमाणावर घ्यावा, म्हणजे १० ते २० ला जेवढी जागा तेवढीच १०० ते २०० ला. खाली ‘समान उंची म्हणजे समान टक्के’ एवढे शब्द छापले तर वाचकाला ते सहज समजेल.

आणि आलेखाची डावी कड कुठे ठेवली, हेही पाहावं लागतं. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. कुणी मार्च २००९ च्या तळापासून आलेख सुरू केला तर तोच बाजार सोन्याची खाण दिसतो, १९८९ पासून सुरू केला तर चौतीस वर्षांची वाट. दोन्ही आलेख खरे आहेत. म्हणून गुंतवणुकीचा आलेख दाखवणाऱ्याला मी पहिला प्रश्न हा विचारते की याच महिन्यापासून का.

इतकं वाचून मी आलेखांच्या विरोधात आहे असं वाटेल, म्हणून माझ्या भाच्याची हकीगत लिहिते. त्याने २० वर्षांच्या मुदतीचं कर्ज ९ टक्के दराने घेतलं. परतफेडीचा तक्ता त्याला मिळाला होता, २४० ओळींचा. त्याने तो पहिल्या पानानंतर वाचला नव्हता, कुणीच वाचत नाही. मी मुद्दल १,००,००० धरून उरलेल्या मुद्दलाची रेषा आलेखकागदावर काढून दिली. हप्ता साधारण ९०० चा. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दलातून १५० च कमी होतात. त्यामुळे सुरुवातीला रेषा जवळजवळ आडवी चालते आणि शेवटच्या वर्षांत कड्यासारखी खाली उतरते. दहाव्या वर्षावर, म्हणजे बरोबर मध्यावर, त्याने बोट ठेवलं. तिथे ७१,००० बाकी होते. निम्मं मुद्दल फिटायला चौदावं वर्ष लागत होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, पहिल्या वर्षी थोडे जास्त भरले तर ही रेषा कुठून खाली येईल? २४० ओळींनी जो प्रश्न त्याला सुचवला नाही तो एका वाकड्या रेषेने सुचवला. आलेख असा असतो म्हणूनच तो सरळपणे काढला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या वृत्तपत्रात शुद्धलेखन तपासणारी माणसं आहेत, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचकही पत्र लिहितात. आलेखालाही तशी एक नजर मिळावी, ही माझी विनंती आहे. स्तंभ शून्यापासून असावेत. रेषा मधून सुरू झाली असेल तर अक्षाच्या बुडाशी तशी खूण असावी. दोन्ही अक्षांवर आकडे आणि एकक असावं, रकमा चालू किमतींच्या आहेत की महागाई वजा करून, ते एका ओळीत लिहावं, आणि आकडे कुठून घेतले तेही. डावीकडे एक प्रमाण आणि उजवीकडे दुसरं, असे दोन अक्षांचे आलेख शक्यतो टाळावेत, कारण प्रमाण हवं तसं ताणून कुठल्याही दोन रेषा हातात हात घालून चालवता येतात. यासाठी जास्त जागा लागणार नाही. मंगळवारच्या त्या निळ्या स्तंभांच्या बाजूला दोन बोटं कोरी जागा होती, मी पाहिली.

सोबत तोच आलेख पुन्हा काढून पाठवत आहे. एका मिलिमीटरला ८ असं प्रमाण घेतलं आहे, ते कोपऱ्यात लिहिलं आहे. शून्यापासून काढल्यावर ४१२ चा स्तंभ साडेएक्कावन्न मिलिमीटरचा होतो आणि ४३६ चा साडेचोपन्न. दोन्हींत तीन मिलिमीटरचा फरक आहे. आमच्या त्या गृहस्थांना मी हा कागद दाखवला. त्यांनी पैसे कुठे घालायचे ते अजून ठरवलेलं नाही, पण त्या उद्योगाचे गेल्या दहा वर्षांचे आकडे ते मागवणार आहेत, आणि मी त्यांना एक कोरा आलेखकागद दिला आहे.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
(निवृत्त, हिशेब विभाग)